जिभेखालची लस आणि हिरडीतली खाच: मात्सुदोच्या एका प्रयोगाचे प्रकरण

जपानच्या निहोन विद्यापीठाचे एक दंतवैद्यक महाविद्यालय मात्सुदो येथे आहे. तिथल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिरडीच्या आजाराशी जोडलेल्या एका जंतूच्या बाह्यपटलावरचे प्रथिन त्यांनी उंदरांच्या जिभेखाली ठेवले. सोबत प्रतिकारशक्तीला चालना देणारा डीएनएचा एक गोलाकार तुकडा, म्हणजे प्लाझ्मिड, होता. पुढे त्याच उंदरांच्या तोंडात तो जंतू सोडला, तेव्हा त्यांचे दाताभोवतीचे हाड लस न दिलेल्या उंदरांपेक्षा कमी झिजले. रक्तात आणि लाळेतही त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली.

पायोरियावर, म्हणजे हिरडीच्या याच आजारावर, लस, तीही सुईशिवाय, हे वाचून कोणालाही हुरूप येईल. तरीही अशी लस अजून कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. प्रयोग चुकला होता असे आम्ही म्हणणार नाही. लस देण्याची जागा अचूक निवडली होती, असेच आमचे मत आहे. अडचण आहे ती यश कुठल्या द्रवात मोजायचे याची. लाळेतली प्रतिपिंडे मोजायला सोपी असतात. आजार मात्र लाळेत होत नाही, तो दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत होतो. मात्सुदोचे काम या नजरेने वाचले की पुढचे अडथळे एकामागून एक स्पष्ट दिसतात.

आजार कुठे घडतो

निरोगी दाताभोवती हिरडीची खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दातावरचा प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, तिथे साचून राहिला की हिरडी सुजते आणि ब्रश लावताच रक्त येते. या टप्प्यावर सफाई केली तर सगळे पूर्ववत होते. पुढे खाच ४ मिलिमीटरच्या वर गेली आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटू लागले, की गेलेले हाड आपोआप परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना या आजाराचे तीव्र रूप आहे.

या खाचेत शेकडो जातींचे जंतू असतात. त्यांतला पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस, पुढे नुसता जिंजिव्हॅलिस म्हणू, सर्वांत जास्त अभ्यासला गेला आहे. त्याला ऑक्सिजन सोसत नाही आणि जगायला रक्तातले हीम, म्हणजे लोह धरून ठेवणारा रेणू, लागते. रक्त मिसळलेल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, त्याच्या वसाहती हळूहळू काळ्या होतात. २०११ साली जॉर्ज हाजिशेंगालिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उंदरांच्या तोंडात हा जंतू एकूण जंतुसंख्येच्या ०.०१ टक्क्याहून कमी असला, तरी बाकीच्या जंतूंचा समतोल बिघडवून हाड झिजवतो. त्याच अभ्यासात पूर्णपणे जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात हा एकटा सोडला, तर तो तिथे टिकला, पण हाड झिजले नाही. लस बनवणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळतात. एवढ्या थोड्या संख्येच्या जंतूला रोखूनही मोठा फरक पडू शकतो. आणि नुसता हा जंतू मोजून लसीचे यश कळत नाही, सगळ्या वस्तीचे काय झाले ते पाहावे लागते.

हेच प्रथिन का

मात्सुदोमध्ये योशिमित्सु आबिको यांच्या गटाने जिंजिव्हॅलिसच्या बाह्यपटलावरच्या ४० किलोडाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक) प्रथिनावर आधीपासून काम केले होते. या प्रथिनाची दोन कामे लसीच्या दृष्टीने मोलाची आहेत. एक, दातावर आधी येऊन बसणाऱ्या ॲक्टिनोमायसिस जातीच्या जंतूंना चिकटायला ते मदत करते. दुसरे, ते हीम पकडते. म्हणजे प्रतिपिंडाने हे प्रथिन झाकले तर जंतूचा पाय रोवण्याचा आधार आणि त्याचे अन्न, दोन्हींवर घाला पडतो.

सगळ्यांचे उमेदवार हेच नव्हते. मेलबर्नमधल्या एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाने जिंजिपेन नावाची प्रथिने कापणारी विकरे (एन्झाइम) निवडली आणि २०१६ साली इंजेक्शनने दिलेल्या लसीचा उंदरांतला परिणाम प्रसिद्ध केला. दक्षिण कोरियातल्या चोन्नाम विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमच्या फोमए प्रथिनाला जंतूच्या शेपटीतले फ्लॅजेलिन जोडून नाकावाटे दिले. फ्युजोबॅक्टेरियम हा प्लाकमध्ये आधी आलेल्या आणि नंतर येणाऱ्या जंतूंना जोडणारा दुवा आहे, म्हणून तोच तोडायचा हा विचार. आम्हाला जिंजिपेनचा मार्ग जास्त आश्वासक वाटतो. कारण जिंजिव्हॅलिसच्या वेगवेगळ्या वाणांत अंगावरच्या केसतंतूंचे आणि वेष्टनाचे प्रकार बदलतात, तर जिंजिपेन फारसे बदलत नाही. पण जिभेखालून देऊन हाडाचे रक्षण दाखवायचे काम मात्सुदोने केले, म्हणून प्रकरण तिथले.

नाकाकडून जिभेकडे

२००३ साली याच गटाने हे प्रथिन उंदरांच्या नाकातून देऊन पाहिले होते. तयार झालेल्या प्रतिपिंडांनी जंतूंचे एकमेकांना चिकटणे रोखले. मग नाक का सोडले?

श्लेष्मल त्वचेवर, म्हणजे नाका-तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तरावर, नुसते शुद्ध प्रथिन ठेवले तर शरीर सहसा त्याकडे दुर्लक्ष करते. सोबत सहायक घटक लागतो. प्राण्यांत सर्वांत जोरदार ठरलेला सहायक म्हणजे कॉलऱ्याचे विष. माणसात त्याचे ५ मायक्रोग्रॅम तोंडावाटे गेले तरी जुलाब लागतात. नाकातली अडचण वेगळी आहे: २००० साली व्हॅन गिंकेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कॉलऱ्याचे विष लसीतल्या प्रथिनाला वास ओळखणाऱ्या चेतांच्या वाटेने घ्राणकंदापर्यंत, म्हणजे मेंदूच्या वासाशी संबंधित भागापर्यंत, नेते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची एक नाकातली लस बाजारात आली. तिच्यात ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे कॉलऱ्याशी नाते असलेले विष सहायक म्हणून होते. ती घेतलेल्यांत चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा वाढल्याचे लक्षात आले आणि ती मागे घेतली गेली. २००४ साली त्याचा पूर्ण अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या नाकातल्या लशींना हा डाग लावणे बरोबर नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वाइन फ्लूवरची नेझोव्हॅक २०१० मध्ये नाकातूनच दिली जात होती, पण तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू होता, असे विष नव्हते. दोष जागा आणि सहायक यांच्या जोडीचा होता.

तेवढ्यात सोलच्या आंतरराष्ट्रीय लस संस्थेतल्या सेसिल चेर्किन्स्की, मी-ना क्वोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आले. २००७ मध्ये त्यांनी उंदरांत जिभेखाली दिलेले प्रथिन रक्तात आणि दूरच्या श्लेष्मल त्वचांवरही प्रतिसाद उभा करते हे दाखवले. २००८ मध्ये फ्लूच्या लशीबाबत, जिभेखालून दिलेले द्रव्य घ्राणकंदाकडे जात नाही हेही दाखवले. मात्सुदोचा २००९ चा प्रयोग या पार्श्वभूमीवर उभा आहे.

जिभेखाली काय असते

छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची, हे घराघरांत माहीत आहे. ती गोळी काही मिनिटांत रक्तात उतरते, कारण तिच्या रेणूचे वजन सुमारे २३६ डाल्टन आहे. लसीचे प्रथिन ४०,००० डाल्टनचे. ते त्या वाटेने रक्तात जाणार नाही, आणि जायला नकोच. त्याला त्वचेच्या थरातल्या शाखायुक्त पेशींनी उचलायचे आहे. या पेशी ते घेऊन जबड्याखालच्या आणि मानेतल्या लसिका ग्रंथींत जातात आणि तिथे लिम्फोसाइट पेशींना दाखवतात. दात आणि हिरड्यांचा निचराही याच ग्रंथींकडे होतो. जिभेखालची जागा हिरडीच्या लसीला योग्य का, याचे आमच्या मते सर्वांत भक्कम कारण हे आहे.

माणसात जिभेखालची त्वचा पातळ असते आणि तिच्यावर केराटिनचा कडक थर नसतो. उंदरात मात्र तिथे केराटिन असते. त्यामुळे उंदरात शिरलेले प्रथिन माणसात आणखी सहज शिरेल अशी आशा करायला जागा आहे. याच कारणासाठी पुढची पायरी म्हणून डुकरे घेणे योग्य, त्यांच्या तोंडातली त्वचा माणसाच्या जवळची असते.

आता कळीचा मुद्दा. हीच जागा ॲलर्जीचे डॉक्टर नेमक्या उलट्या कामासाठी वापरतात. गवताच्या परागकणांची गोळी, उदाहरणार्थ युरोपात २००६ पासून मिळणारी ग्राझॅक्स, रोज जिभेखाली ठेवून शरीराला त्या परागांची सवय लावतात. म्हणजे या जागेचा स्वाभाविक कल सहन करण्याकडे आहे. दिवसभर अन्न आणि जंतू तिथून जातात, प्रत्येकाशी लढत बसले तर तोंड कायम सुजलेले राहील. लसीला हा कल फिरवायचा आहे, आणि ते काम सहायकाचे.

मात्सुदोने निवडलेला सहायक होता एफएलटी-३ लिगँड या वाढघटकाचे जनुक असलेला प्लाझ्मिड. हा घटक शाखायुक्त पेशींची संख्या वाढवतो. त्यात विष नाही, म्हणून निवड सुरक्षित वाटते. पण एक जुना निष्कर्ष इथे विसरता येत नाही. १९९८ साली व्हाइनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना हाच वाढघटक देऊन मग प्रथिन खाऊ घातले, तेव्हा त्या प्रथिनाविषयीची सहनशीलता वाढली. पेशी वाढल्या म्हणजे त्या लढायला सांगतीलच असे नाही. त्यांना धोक्याची खूणही मिळावी लागते. प्लाझ्मिड जंतूत वाढवलेला असल्यामुळे त्याच्या डीएनएत अशी खूण काही प्रमाणात असते, आणि प्रथिनासोबत जंतूचे अंतर्विष शिल्लक असेल तर तेही खूण देते. म्हणून अशा प्रयोगात नुसते प्रथिन, नुसता प्लाझ्मिड आणि रिकामा प्लाझ्मिड अधिक प्रथिन असे तिन्ही गट हवेतच. त्यांतला एकही वगळला तर श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही.

प्रथिन तयार करताना

बाह्यपटलाचे प्रथिन ई. कोलायमध्ये बनवले की ते बहुधा पेशीत गोळा होऊन अविद्राव्य बसते. युरियात विरघळवून, मग हळूहळू युरिया काढून त्याला परत घडी घालावी लागते. इथे घाई केली तर प्रथिन बाटलीत दिसते, पण त्याची मूळ घडी जुळलेली नसते. अशा प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे एलायझा या प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीच्या प्लेटवर सुरेख आकडे देतात आणि जिवंत जंतूला चिकटत नाहीत. यावर उपाय एकच, प्रत्येक तुकडीतून मिळालेला रक्तद्रव अखंड जंतूवर तपासायचा आणि ॲक्टिनोमायसिसशी होणारे चिकटणे रोखले जाते का ते पाहायचे.

दुसरी अडचण अंतर्विषाची. ई. कोलायचे लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच अंतर्विष, प्रथिनाला घट्ट धरून राहते आणि स्वतःच सहायकासारखे वागते. ट्रायटन एक्स-११४ या साबणासारख्या द्रव्याने वेगळे करून, नंतर अंतर्विषाच्या लिम्युलस चाचणीने मोजून, तुकडी मंजूर करावी. हे न केल्यास पहिल्या तुकडीत झकास आलेला प्रतिसाद शुद्ध केलेल्या दुसऱ्या तुकडीत नाहीसा होतो आणि कारण सापडता सापडत नाही.

मात्रा देण्याची पद्धत

उंदराच्या जिभेखाली देणे दिसायला क्षुल्लक, पण निम्मे अपयश इथेच होते. उंदराला केटामिन आणि झायलाझिनने भूल देतात. बोथट चिमट्याने जीभ अलगद वर उचलतात आणि पिपेटचे टोक जिभेच्या तळाशी, तोंडाच्या तळव्याकडे वळवून, द्रव हळूच सोडतात. घसा टाळायचा. द्रव १० मायक्रोलिटरपेक्षा कमी ठेवणे चांगले. त्यानंतर डोके पुढे झुकलेले राहील असे उंदराला सुमारे ३० मिनिटे ठेवतात. सहसा आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या अंतराने तीन मात्रा देतात.

द्रव २० मायक्रोलिटर केला किंवा डोके मागे पडले, तर तो घशाखाली उतरतो. मग तो प्रयोग जिभेखालचा राहत नाही, पोटातला होतो. जठराच्या आम्लात प्रथिन तुटते आणि प्रतिसाद अर्धवट येतो. हे ओळखण्यासाठी एका गटाला तेवढीच मात्रा नळीने थेट जठरात द्यावी. दोन्ही गटांचे आकडे सारखे आले तर जिभेखालच्या मार्गाबद्दल काही सिद्ध झालेले नाही. नवीन हाताने काम करणाऱ्याने आधी रंगीत द्रवाने सराव करावा, रंग अन्ननलिकेत दिसला की पद्धत चुकते आहे हे लगेच कळते.

आणखी एक मर्यादा सगळ्या उंदीर-प्रयोगांना लागू आहे. भुलेतला उंदीर गिळत नाही. माणूस मात्र जागेपणी वरचेवर गिळत असतो.

हाड मोजण्याचा भाग

या क्षेत्रात रूढ असलेला क्रम असा. उंदरांना आधी सुमारे १० दिवस पिण्याच्या पाण्यातून सल्फामेथॉक्सॅझोल आणि ट्रायमेथोप्रिम देऊन तोंडातले मूळचे जंतू कमी करतात. काही दिवस थांबून २ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या घट्टसर द्रवात मिसळलेले १०० कोटी जिंजिव्हॅलिस तोंडात देतात, दोन दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा. सेल्युलोज नसेल तर जंतू लगेच वाहून जातात. जंतू ऑक्सिजनमुक्त कपाटातून बाहेर काढल्यापासून मरू लागतात, म्हणून दिलेल्या द्रवातले जिवंत जंतू त्याच दिवशी प्लेटवर मोजून खात्री करावी. सुमारे सहा आठवड्यांनी वरचा जबडा साफ करून, रंगवून, दाताच्या मुकुट-मूळ सीमेपासून हाडाच्या काठापर्यंतचे अंतर ठरलेल्या १४ ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

नुसता द्रव दिलेला, जंतू न दिलेला गट लागतोच. वय वाढले की उंदराचे हाड तसेही थोडे झिजते, आणि दातांत अडकलेल्या केसांमुळेही झिजते. ती पातळी वजा केली नाही तर लसीचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा किंवा लहान दिसतो.

निकाल वाचताना: दोन द्रव

लाळेत मुख्यतः आयजीए प्रकारची प्रतिपिंडे असतात. ती दाताच्या उघड्या भागावर येणाऱ्या नव्या जंतूला धरून ठेवतात, चिकटू देत नाहीत. हिरडीच्या खाचेत मात्र रक्तातून पाझरणारा वेगळा स्राव असतो आणि त्यात आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचे वर्चस्व असते. लाळ खोल खाचेत फारशी शिरत नाही. म्हणून लाळेतले आयजीए आजार होण्याआधीच्या टप्प्याला उपयोगी, आणि ५ मिलिमीटरच्या खाचेतल्या जंतूला भिडायचे काम आयजीजीचे. जिभेखालच्या मार्गाने ही दोन्ही तयार होतात, हे मात्सुदोच्या प्रयोगाचे खरे बळ आहे. तोंडावाटे गिळायच्या किंवा नुसत्या दंडात टोचायच्या लसीकडून दोन्ही एकत्र मिळवणे अवघड जाते.

पण खाचेत पोहोचणे म्हणजे टिकणे नव्हे. जिंजिव्हॅलिसचे जिंजिपेन प्रतिपिंडेच तोडते. त्यातले केजीपी हे विकर माणसाच्या आयजीजी-१ ला बिजागरीच्या भागात इतक्या नेमकेपणाने कापते, की प्रयोगशाळांत प्रतिपिंडांचे तुकडे पाडायचे हत्यार म्हणून ते विकत मिळते. ४० किलोडाल्टनच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे खाचेत पोहोचली आणि तिथे कापली गेली, तर रक्तातला सुंदर आकडा निरुपयोगी. म्हणून पुढच्या लसीत या प्रथिनासोबत जिंजिपेनचा निष्क्रिय भागही असावा, असे आमचे ठाम मत आहे. आधी कापणाऱ्याचे हात बांधायचे, मग बाकीच्यांना काम करता येईल.

आणखी एक गोष्ट. पायोरियाच्या अनेक रुग्णांच्या रक्तात जिंजिव्हॅलिसविरुद्धची प्रतिपिंडे आधीच भरपूर असतात, तरी आजार चालू असतो. ती बऱ्याचदा सैल पकडीची असतात. त्यामुळे लसीनंतर फक्त प्रमाण मोजून भागत नाही. पकड किती घट्ट आहे हे मोजावे लागते. एलायझात युरियाने किंवा थायोसायनेटने धुऊन किती प्रतिपिंडे टिकतात ते पाहणे ही साधी पद्धत आहे.

लाळ मोजतानाही सावधगिरी हवी. पायलोकार्पिन देऊन लाळ वाढवली की प्रतिपिंड पातळ होते. एका उंदराची लाळ जास्त, दुसऱ्याची कमी, तर प्रति मिलिलिटर आकड्याला अर्थ उरत नाही. एकूण आयजीएच्या तुलनेत विशिष्ट आयजीए किती, असे गुणोत्तर द्यावे. माणसात खाचेतला स्राव कागदी पट्टीने ३० सेकंदांत टिपतात. तो एक मायक्रोलिटरही नसतो. पट्टीला रक्ताचा लालसरपणा लागला तर तो नमुना टाकून द्यायचा, नाहीतर रक्तातली प्रतिपिंडे खाचेतली म्हणून मोजली जातात.

आणि प्रतिसादाचा प्रकार. हिरडीत आयएल-१७ हा दाह वाढवणारा संदेशरेणू बनवणाऱ्या टी पेशी वाढल्या की हाड खाणाऱ्या पेशींना बळ मिळते. जंतू मारणारी पण हाड झिजवणारी लस कोणाला नको. मेलबर्नच्या प्रयोगात संरक्षण आयजीजी-१ प्रकारच्या प्रतिपिंडांशी जोडलेले होते. सहायक निवडताना प्रतिपिंडांचे उपप्रकार आणि आयएल-१७ दोन्ही तपासणे म्हणूनच आवश्यक.

माणसाच्या तोंडात आणताना

विश्रांतीतही माणसाची लाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर सुटते. द्रव थेंब दिले तर बहुतेक भाग मिनिटभरात गिळला जातो. लंडनमध्ये निरोगी स्त्रियांना एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेल्या विषाणूची इंजेक्शनसाठी बनवलेली लस जिभेखाली देऊन पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. दंडात टोचलेल्या गटापेक्षा प्रतिसाद खूपच दुबळा होता. इंजेक्शनचा द्रव तसाच जिभेखाली टाकला की असे होणार. त्यात ना चिकटून राहायची सोय, ना या जागेला साजेसा सहायक.

उपाय म्हणजे गोठवून सुकवलेली, सेकंदांत विरघळणारी गोळी. जिलेटिन आणि मॅनिटॉलचा सांगाडा, प्रथिन जपायला ट्रेहॅलोज, आणि जागेवर चिकटायला कायटोसानसारखा बहुवारिक (पॉलिमर). यात ओढाताण आहे. चिकटणारा पदार्थ वाढवला की गोळी विरघळायला वेळ लागतो, तोंडात लाळ सुटते आणि रुग्ण गिळतो. ट्रेहॅलोज कमी पडले तर सुकवताना प्रथिनाची घडी बिघडते, आणि ते बाहेरून ओळखू येत नाही. सुकी गोळी शीतसाखळीवरचा भार कमी करू शकते, पण पावसाळ्यातल्या हवेत पाकीट फोडल्याबरोबर ती ओलावा ओढते, म्हणून प्रत्येक गोळी वेगळ्या ॲल्युमिनियम पाकिटात हवी.

ही वाट माणसात बंद नाही, याचा चांगला दाखला मूत्रमार्गाच्या संसर्गाचा आहे. स्पेनमध्ये बनलेली एमव्ही-१४० ही चार निष्क्रिय जंतूंची लस रोज जिभेखाली फवारतात. २०२२ च्या चाचणीत २४० स्त्रिया होत्या. पहिल्या तीन महिन्यांनंतरच्या नऊ महिन्यांत संसर्ग न झालेल्यांचे प्रमाण खोट्या फवाऱ्याच्या गटात २५ टक्के, तर तीन महिने लस घेतलेल्यांत ५६ टक्के होते. इथे अख्खे जंतू होते, त्यांच्यातच सहायकाचे गुण असतात, आणि मात्रा रोज होती. एका शुद्ध प्रथिनाच्या तीन मात्रांकडून तेवढीच अपेक्षा ठेवू नये.

सुजलेल्या तोंडाचा पेच

ग्राझॅक्सच्या सूचना पाहिल्या की एक गोष्ट खटकते. पहिली गोळी डॉक्टरांसमोर घ्यायची आणि अर्धा तास थांबायचे. मिनिटभर गिळायचे नाही, पाच मिनिटे काही खायचे-प्यायचे नाही. आणि दात काढला असेल तर सात दिवस गोळी बंद. सुजलेल्या, फाटलेल्या त्वचेतून प्रथिन नको तेवढे आत शिरू शकते. हिरडीच्या लसीचे ग्राहक नेमके तेच, ज्यांच्या हिरड्या सुजलेल्या आहेत आणि ज्यांचे दात काढावे लागतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी टोकदार आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. मिशरी हिरडीवर घासली जाते, तंबाखू-चुन्याची गोळी ओठाआड तासन्तास राहते. अशा तोंडातली त्वचा जाड, पांढुरकी किंवा ताठर झालेली असते. तिथे प्रथिन किती शिरेल याचा अंदाज जपानमधल्या निरोगी उंदरावरून बांधता येत नाही. इथे चाचणी झाली तर तंबाखू वापरणाऱ्यांचा गट वगळून चालणार नाही. तो वेगळा ठेवून मोजावा लागेल.

चाचणी कोणावर करावी

निरोगी माणसांत आजार रोखून दाखवायचे ठरवले तर वेळ आणि पैसा दोन्ही पुरणार नाहीत. दाताचा आधार सुटण्याचा सरासरी वेग वर्षाला जेमतेम ०.१ मिलिमीटर धरला जातो, आणि हाताने खाच मोजताना एक मिलिमीटरची चूक सहज होते. उलट, ज्यांचे खोल स्केलिंग आणि मुळांची सफाई नुकतीच झाली आहे, अशा मध्यम ते तीव्र आजाराच्या रुग्णांत जंतू परत येण्याचा काळ महिन्यांत मोजता येतो. आम्ही इथूनच सुरुवात करू. सफाईनंतर हिरड्या शांत होईपर्यंत सुमारे सहा आठवडे थांबायचे, म्हणजे सुजलेल्या तोंडाचा पेचही बराच सुटतो. मग एका गटाला लस, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी कोरी गोळी, आणि दोन्ही गटांना घासण्याची तीच शिकवणी व दर तीन महिन्यांनी तीच सफाई.

तपासणीत दाब ठरलेल्या प्रोबने, म्हणजे खाच मोजायच्या बारीक सळईने, प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजायच्या. खाचेतल्या स्रावात विशिष्ट आयजीजी, त्याची पकड आणि ती अखंड आहे की कापलेली, हे पाहायचे. प्लाकमधल्या सगळ्या वस्तीचे जनुकीय वाचन तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात करायचे. मधुमेह असलेल्यांचे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे आकडे सोबत नोंदवायचे. लाळेतले आयजीए वाढले पण खाचेतले अखंड आयजीजी सहाव्या महिन्यापर्यंत वाढले नाही, तर तो सहायक किंवा ते प्रथिन तिथेच थांबवून दुसऱ्या जोडीकडे वळायचे, हा निकष चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवायचा.